झोपेतील श्वासरोध आणि यकृताचा कर्करोग

घोरणे हा सामान्यतः थट्टेचा विषय समजला जातो. तथापि काही व्यक्तींचे घोरणे मध्येच थांबते, क्षणभर शांतता पसरते आणि मग घुसमटल्यासारखा आवाज होऊन श्वास पुन्हा सुरू होतो. झोपेत घशाचे स्नायू शिथिल होऊन श्वसनमार्ग मिटल्यामुळे असे घडते. श्वास निदान 10 सेकंद थांबला, तर त्यास श्वासरोध म्हणतात. विकार तीव्र असल्यास श्वास थांबण्याचे किंवा क्षीण होण्याचे प्रसंग तासाला 30 किंवा त्याहून अधिक वेळा येतात.

अशा प्रसंगी रक्तातील प्राणवायू घटतो आणि श्वास सुरू होताच पुन्हा वाढतो. यकृताला हा चढउतार विशेष जाचक ठरू शकतो. त्याला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन-चतुर्थांश रक्त आतड्यांकडून नीलेवाटे येते व त्यातील काही प्राणवायू आधीच खर्ची पडलेला असतो.

प्राणवायूच्या अभावाची जाण पेशींना कशी होते, याच्या संशोधनाबद्दल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना 2019 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. या वेळी कार्यान्वित होणारी प्रथिने नव्या रक्तवाहिन्यांच्या वाढीस चालना देतात; कर्करोगाची गाठही याच यंत्रणेचा उपयोग करून घेते. शिवाय वारंवार प्राणवायू कमी पडल्याने इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो व यकृतात मेद साठू लागतो. या मेदामुळे काहींच्या यकृताला दाह होतो, पुढे ते तंतुमय बनते आणि अखेर सिरोसिस होतो. यकृताचा कर्करोग बहुधा अशाच जीर्ण यकृतात उद्भवतो.

मात्र येथे सावधगिरी आवश्यक आहे. स्थूलता आणि मधुमेह ही दोन्ही विकारांची सामाईक पार्श्वभूमी असल्याने, श्वासरोधाचा स्वतंत्र वाटा किती, हे निश्चित झालेले नाही. श्वासरोध असलेल्या बहुसंख्य व्यक्तींना हा कर्करोग होत नाही. हिपॅटायटिस बी व सी आणि मद्यपान ही त्याची सिद्ध कारणे होत.

हवेच्या दाबाने श्वसनमार्ग उघडा ठेवण्याचा उपचार कॉलिन सलिव्हन यांनी 1981 मध्ये सिडनी येथे मांडला. त्याने झोप सुधारते. यकृताचे रक्षण होते, असे मात्र ठामपणे सांगता येत नाही. त्यासाठी वजन घटवणे, मद्य टाळणे आणि हिपॅटायटिस बी ची लस घेणे हेच खात्रीचे मार्ग आहेत. भारतात मेदयुक्त यकृताच्या विकाराचा समावेश 2021 मध्ये असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात करण्यात आला.

झोपलेल्या माणसाला आपला श्वास थांबल्याचे सहसा कळत नाही. ते प्रथम घरच्यांच्या लक्षात येते. त्यांनी ही गोष्ट हसण्यावारी न नेता वैद्यकीय सल्ला घ्यावा. रोगी स्थूल किंवा मधुमेही असेल, तर यकृताचीही तपासणी करून घेणे हिताचे ठरते.