ओढा आणि ढकला : क्वालालंपूरचे सहा युनिट

परदेश म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दोनच चित्रं येतात. एक, जी.आर.ई. देऊन अमेरिकेला गेलेला सीनियर. दुसरं, चार रात्री-पाच दिवसांचं पॅकेज घेऊन पेट्रोनास टॉवर्ससमोर फोटो काढणारे शेजारचे काका-काकू. मी या दोन्हींत बसत नाही. प्रोजेक्टच्या निमित्ताने मला क्वालालंपूरमध्ये सहा महिने राहायला मिळालं. राहायला म्हणजे रोजची बस पकडायला, कपडे वाळत घालायला आणि महिनाअखेरीस रिंगिट मोजायला. पर्यटकाला शहर नुसतं दिसतं. राहणाऱ्याला ते आधी टोचतं, मग हळूहळू आवडायला लागतं.

तिथल्या प्रत्येक दरवाजावर दोन शब्द असतात : 'तारिक' म्हणजे ओढा आणि 'तोलाक' म्हणजे ढकला. शहराचंही तसंच आहे. काही गोष्टी आपल्याला जवळ ओढतात, काही लांब ढकलतात. मात्र ढकलणाऱ्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीमागे कुणीतरी, कधीतरी घेतलेला एखादा तांत्रिक निर्णय असतो, हे तिथे कळलं. उद्या असे निर्णय घेणारे आपणच आहोत. म्हणून हा लेख प्रवासवर्णन न करता आपल्या सवयीप्रमाणे युनिटवार मांडतो आहे.

युनिट १ : घड्याळ

पहिला धक्का सकाळी. सात वाजले तरी बाहेर काळोख! क्वालालंपूर विषुववृत्तापासून जेमतेम तीन अंशांवर आहे. त्यामुळे तिथे दिवस-रात्र वर्षभर जवळजवळ सारखेच, पण सूर्य उगवतो सात ते साडेसातच्या दरम्यान आणि मावळतोही संध्याकाळी सात ते साडेसातलाच. असं का?

गणित सोपं आहे. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते. क्वालालंपूरचं रेखांश सुमारे १०१.७ अंश पूर्व, म्हणजे ग्रिनिचपेक्षा सूर्य तिथे ६ तास ४७ मिनिटं आधी येतो. घड्याळ मात्र ८ तास पुढे आहे. फरक पडला १ तास १३ मिनिटांचा. खरी दुपार होते सव्वाला! पूर्वी मलेशियाचा द्वीपकल्पाकडचा भाग साडेसात तास पुढे होता, आणि समुद्रापलीकडचे साबा व सारावाक आठ तास. सगळ्या देशाचं घड्याळ एक असावं म्हणून १ जानेवारी १९८२ पासून द्वीपकल्पाने आपलं घड्याळ अर्धा तास पुढे केलं. एका सहीने लाखो पोरांची शाळेची वेळ अंधारात गेली.

भारतापेक्षा तिथलं घड्याळ अडीच तास पुढे. आई जेवणं आटोपून नऊला फोन करायची, तेव्हा माझे साडेअकरा झालेले असायचे. 'झोपला नाहीस अजून?' हा तिचा पहिला प्रश्न रोज ठरलेला. पण संध्याकाळी काम संपवून बाहेर पडल्यावर भरपूर उजेड शिल्लक असतो, हे सुख त्याच निर्णयाचं. घड्याळाने सकाळी घेतलेलं संध्याकाळी परत मिळतं.

युनिट २ : प्लग आणि लिफ्ट

आपला गोल पिनांचा चार्जर तिथे बसत नाही. तिथे तीन चौकोनी पिनांचा ब्रिटिश पद्धतीचा प्लग. दोन्ही देशांवर राज्य इंग्रजांनीच केलं, मग प्लग वेगळे का? आपल्याकडे इंग्रजांचा जुना गोल पिनांचा नमुना रुळला. चौकोनी पिनांचं मानक ब्रिटनमध्ये १९४७ साली आलं, मलेशियाने पुढे ते उचललं.

हा प्लग बूट घातल्यासारखा जड आहे, बॅगेत मावत नाही, आणि पिना वर करून जमिनीवर पडला तर पायाचं काही खरं नाही. पण उघडून पाहिला तेव्हा मी त्याच्या प्रेमात पडलो. आत स्वतःचा फ्यूज असतो. अर्थिंगची पिन बाकीच्या दोघींपेक्षा लांब. ती आधी आत शिरते आणि सॉकेटच्या आतली झडप उघडते, तेव्हाच बाकीच्या दोन पिनांना वाट मिळते. लहान मुलाने खिळा खुपसला तर तो जातच नाही. आपल्या हॉस्टेलवर वरच्या भोकात पेनाचं टोपण घालून दोन पिनांचा चार्जर बसवणारे जे 'तज्ज्ञ' आहेत, त्यांनी आपण नेमकी कुठली सोय मोडीत काढतो ते एकदा समजून घ्यावं.

लिफ्टची गंमत वेगळी. आमच्या इमारतीत ३ नंतर ३ए, मग एकदम ५. पुढे १३ नंतर १३ए, मग १५. चिनी बोलींत चार या आकड्याचा उच्चार 'मृत्यू'सारखा होतो, म्हणून चौथा मजला असतो, पण चार हा आकडा नसतो. 'इन्फिनिट लूप'मध्ये वाढलेल्या आमच्या पिढीला हे समजायला वेळ लागत नाही : व्हेरिएबल तेच, नाव बदललं.

युनिट ३ : भाषा

मलय भाषा रोमन लिपीत लिहितात, आणि इंग्रजी शब्दही जसे बोलतात तसेच लिहितात. स्टेशनचं 'स्तेसेन', टॅक्सीचं 'तेक्सी', सायकलचं 'बासिकल'. आपण देवनागरीत 'टेबल' लिहितो त्याच थाटात. स्पेलिंग पाठ करण्यात बालपण गेलेल्या माणसाला केवढा आनंद होतो म्हणून सांगू!

त्याहून मोठा आनंद ओळखीचे शब्द भेटल्याचा. 'बाहासा' म्हणजे भाषा. 'काचा' म्हणजे काच. 'वार्ना' म्हणजे रंग, आपला वर्ण. 'गुला' म्हणजे साखर, त्याचं मूळ आपल्या गुळाचंच. रमझानच्या उपासाला 'पुआसा' म्हणतात, तो संस्कृतातला उपवास. विद्यार्थी म्हणजे 'महासिस्वा', त्यातला 'सिस्वा' म्हणजे शिष्य. हॉस्टेलला म्हणतात 'आस्रामा'! आमच्या खोलीची अवस्था पाहून तिला आश्रम म्हणायला कुठलाही ऋषी धजावला नसता, पण शब्द तोच. नवऱ्याला 'सुआमी' म्हणतात, तो अर्थ आपल्याकडच्या स्वामींनी लक्षात घ्यावा.

काही शब्द मात्र फसवे. ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणावर मोठ्या अक्षरांत 'आवास' लिहिलेलं असतं. ते घर नव्हे, 'सावधान'! आणि स्वच्छतागृहाला म्हणतात 'तांदास'. या शब्दासाठी कुठल्याही मराठी माणसाला शब्दकोश लागत नाही.

युनिट ४ : चहा

क्वालालंपूरमध्ये एकटेपणावर सगळ्यात स्वस्त औषध म्हणजे 'मामाक', म्हणजे तमिळ मुस्लिम मंडळींनी चालवलेली हॉटेलं. बरीचशी रात्रभर उघडी. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मोठा टी.व्ही., फुटबॉलची मॅच आणि शेजारच्या टेबलावर मलय, चिनी, तमिळ पोरं. एका चहावर दोन तास बसलात तरी कुणी उठवत नाही. आपल्या कॉलेजच्या टपरीचाच हा मोठा भाऊ.

चहा म्हणजे 'तेह तारिक', ओढलेला चहा. दरवाजावरचाच 'तारिक'. कडक चहात कंडेन्स्ड मिल्क घालून तो एका मगातून दुसऱ्या मगात हातभर उंचीवरून ओततात, परत परत. यात दोन गोष्टी साधतात. चहाची पातळ धार झाल्याने हवेला भिडणारं क्षेत्रफळ वाढतं आणि तो पिण्याइतका निवतो. शिवाय हवा मिसळून वर फेस येतो. हीट ट्रान्सफरचं अख्खं प्रॅक्टिकल, तेही व्हायवाशिवाय.

ऑर्डर देणं हेही शास्त्र आहे. 'तेह' चहा, 'कोपी' कॉफी. नुसतं म्हटलं तर कंडेन्स्ड मिल्कची, 'सी' म्हटलं तर बिनसाखरेच्या आटवलेल्या दुधाची, 'ओ' म्हटलं तर बिनदुधाची. साखर नेहमीची, कमी म्हणजे 'कुरांग मानिस', किंवा अजिबात नको म्हणजे 'कोसोंग'. गरम, किंवा बर्फ घालून 'आइस'. म्हणजे २ × ३ × ३ × २ = ३६ पेयं, आणि वेटर सहा टेबलांची ऑर्डर कागदावर न टिपता आणतो.

शाकाहारी मित्रांसाठी सूचना : चहा निर्धोक आहे, जेवणाचं तसं नाही. 'सायुर' म्हणजे भाजी, पण त्या भाजीच्या वाटणात सुकी कोळंबी असू शकते. विचारून खावं. रोटी चनाई आणि डाळ यांवर मात्र माझे कित्येक महिनाअखेर निभावले.

युनिट ५ : पाऊस

आपल्याकडे पावसाचे चार महिने असतात, तिथे पावसाचे तास असतात. सकाळभर जमीन तापते, दमट हवा वर चढते, तीन-चारच्या सुमाराला ढग काळे होतात आणि मग अर्ध्या-पाऊण तासात आभाळ रिकामं होतं. वाळत घातलेले कपडे आणि आपण, दोघंही पुन्हा पहिल्यापासून.

पाऊस सुरू झाला की मोटरसायकलवाले हायवेच्या पुलाखाली ओळीने थांबतात. बहुतेकांच्या अंगात उलटं घातलेलं जाकीट असतं, पाठ पुढे. वारा छातीला लागू नये म्हणून काढलेली ही युक्ती कुठल्या पुस्तकात नाही.

शहराच्या नावातच पाणी आहे. 'क्वाला' म्हणजे नद्यांचा संगम, 'लुंपूर' म्हणजे चिखल. क्लांग आणि गोंबाक नद्यांच्या या संगमावर १८५७ च्या सुमाराला कथलाच्या खाणींसाठी वस्ती झाली. आज तिथे १९०९ साली बांधलेली जामेक मशीद उभी आहे. चिखलाच्या संगमावर वसलेलं शहर तुंबणारच. त्यावरचा उपाय २००७ साली सुरू झाला आणि तो आपल्या सिलॅबसमध्ये यायला हवा. त्याचं नाव स्मार्ट बोगदा.

हा बोगदा पुराचं पाणी वाहून नेतो आणि रस्त्याचंही काम करतो. पाण्याची लांबी ९.७ किलोमीटर, त्यातल्या सुमारे ३ किलोमीटरच्या भागात एकावर एक असे गाड्यांचे दोन मजले, आणि त्यांच्या खाली पाण्याचा मार्ग. पाऊस नसेल तर फक्त गाड्या. मध्यम पाऊस असेल तर नदीचं जादा पाणी खालच्या मार्गात वळवतात आणि वर गाड्या चालूच राहतात. मोठा पूर आला तर गाड्या बाहेर काढतात, दारं उघडतात आणि अख्खा बोगदा नदीला देऊन टाकतात. ओसरल्यावर साफसफाई करून रस्ता पुन्हा सुरू. वर्षातले मोजके दिवस लागणारी वस्तू उरलेले दिवस रिकामी ठेवायची नाही, हा विचार मला फार आवडला.

पण याच युनिटची दुसरी बाजूही वाचा. डिसेंबर २०२१ मधल्या अतिवृष्टीत शेजारच्या शाह आलमचा तामान श्री मुडा हा भाग छपरापर्यंत बुडाला. बोगदा शहराच्या मध्यभागासाठी आखलेला आहे, खालच्या अंगाच्या वस्त्या त्याच्या आवाक्यात नाहीत. कुठलीही यंत्रणा तिच्या नकाशापुरतीच शहाणी असते.

युनिट ६ : चालणे (अनिवार्य प्रश्न)

तिथली केलाना जाया मार्गाची एल.आर.टी. १९९८ पासून चालकाशिवाय धावते. तिची मोटर 'लिनिअर इंडक्शन' जातीची, म्हणजे नेहमीची गोल मोटर उलगडून सपाट केलेली. अर्धा भाग डब्याखाली आणि अर्धा दोन रुळांच्या मधल्या पट्टीच्या रूपात. चालकच नाही म्हटल्यावर सगळ्यात पुढची काच प्रवाशांना मोकळी. तिथे उभं राहायला शाळकरी पोरं आणि मी, असे आम्ही स्पर्धक. बोगद्यातून एकदम उजेडात येणारी गाडी पुढच्या काचेतून बघणं हे क्वालालंपूरमधलं माझं सगळ्यात स्वस्त सुख.

दुःख गाडीत नव्हतं, गाडीपर्यंत पोचण्यात होतं. माझी खोली ते स्टेशन नकाशावर चारशे मीटर. मध्ये आठ पदरी हायवे. पादचारी पूल गाठून पलीकडे जायला सव्वा किलोमीटर चाल. मोटारींचा देश आहे हा. १९८३ साली प्रोटॉन ही राष्ट्रीय मोटार कंपनी निघाली, नागरिकांना पेट्रोल सवलतीत मिळतं, आणि रस्ते त्याच हिशोबाने आखले गेले. शहराच्या मध्यभागी ट्विन टॉवर्सपासून बुकित बिंतांगपर्यंत पायी जाणाऱ्यांसाठी वातानुकूलित पूल आहे. बाहेरच्या वस्तीत साधी पायवाट मध्येच संपून गटार सुरू होतं. सेंट्रल स्टेशनचंच उदाहरण घ्या. मोनोरेल २००३ साली सुरू झाली, पण तिचं त्याच नावाचं स्टेशन मुख्य इमारतीपासून वेगळंच राहिलं. मधला रस्ता लोक उन्हापावसात तुडवत होते. २०१४ साली मध्ये मॉल उभा राहिला, तेव्हा कुठे छपराखालून वाट झाली.

आमच्या स्टेशनच्या जिन्याखाली एक माकचिक, म्हणजे मावशी, नासी लमाक विकायच्या. नारळाच्या दुधात शिजवलेला भात, केळीच्या पानात बांधलेला. राहायला हायवेच्या अलीकडे, माझ्याच बाजूला. भाताचं पातेलं चाकांच्या गाड्यावर, आणि पादचारी पुलाला नुसते जिने, चढायला शेहेचाळीस पायऱ्या, रॅम्प नाही. रोज पहाटे त्यांचा भाचा मोटरसायकलवरून वळसा घालून सामान पोचवायचा. तो आला नाही की पातेल्याची एक कडी त्यांच्या हातात आणि दुसरी माझ्या, असे आम्ही पूल चढायचो. त्या मला 'आदिक' म्हणायच्या, म्हणजे धाकटा भाऊ. मी मासळी खात नाही हे दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या लक्षात होतं. माझं पुडकं वेगळं असायचं : भात, काकडी, शेंगदाणे आणि अर्धं अंडं.

एका पावसाळी सकाळी त्या पुलाच्या मध्यावर थांबून दम घेत म्हणाल्या, 'गुडघे गेले की धंदा गेला, आदिक.' त्यांच्या कमाईची मर्यादा भाताच्या चवीवर ठरत नव्हती. ती शेहेचाळीस पायऱ्यांवर ठरत होती. ड्रॉइंगवर रॅम्पला जागा जास्त लागते, खर्च जास्त येतो, म्हणून कुणीतरी जिना काढला असेल. ड्रॉइंगमध्ये चूक काहीच नसेल. फक्त पातेलं घेऊन चढणारी बाई त्यात नव्हती.

आपल्याकडे पुण्यात मार्च २०२२ मध्ये मेट्रो सुरू झाली. आपल्यातले कितीतरी जण पुढे अशाच कामांवर जातील. तेव्हा एवढंच सांगावंसं वाटतं की गाडीचा वेग सगळेच मोजतात, शेवटचे चारशे मीटर कुणीतरी चालून बघायला हवेत.

सरावासाठी प्रश्न

१. आपल्या गावाचं रेखांश शोधा आणि घड्याळ सूर्याच्या किती पुढे किंवा मागे आहे ते काढा. (पुण्यासाठी उत्तर सुमारे ३४ मिनिटं पुढे.)

२. टपरीवरचा कटिंग दोन ग्लासांत पाच वेळा ओढा. तापमानातली घट मोजा. सांडलेल्या चहाची जबाबदारी संपादक मंडळाची नाही.

३. कॉलेजच्या गेटपासून सर्वांत जवळच्या बसथांब्यापर्यंत दहा किलोचं ओझं घेऊन चाला. वाटेतल्या पायऱ्या, खड्डे आणि वळसे नोंदवा. मग तोच रस्ता आपल्या आजीसाठी पुन्हा आखा.

- अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी