आगबोट : एका संकरित शब्दाची घडण



यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाही. तरी वऱ्हाडचा कापूस आगगाडीने मुंबईस आणि तेथून आगबोटीने विलायतेस जाई. त्यामुळे 'आगबोट' हा शब्द आपल्याही परिचयाचा आहे. त्याची घडण पाहण्यापूर्वी वस्तूची थोडी ओळख करून घेऊ.

१८१२ मध्ये स्कॉटलंडच्या क्लाइड नदीवर हेन्री बेल यांची 'कॉमेट' ही बोट वाफेच्या बळावर प्रवाशांची ने-आण करू लागली. पुढे त्याच नदीकाठी लोखंडी, नंतर पोलादी जहाजे बांधण्याचा प्रचंड उद्योग उभा राहिला. मुंबईच्या वाडिया घराण्याने बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट २० मार्च १८३० रोजी सुएझकडे निघाली. तिची इंजिने मात्र इंग्लंडहून आणलेली होती.

'गलबत', 'तारू' हे शब्द शिडाच्या जहाजांशी जोडलेले. नव्या जहाजाला चालवणारी वाफ बाष्पकात कोंडलेली. पाहणाऱ्याला दिसे ती भट्टी आणि धूर. म्हणून नाव पडले ते आगीवरून. 'आग' हा 'अग्नी'चा तद्भव, 'बोट' इंग्रजीतून आलेला. अशा समासाला संकरित समास म्हणतात. 'आगगाडी' याच साच्यातील, पण तिचे दोन्ही घटक देशी. 'ते बोट' हाताचे आणि 'ती बोट' पाण्यावरची, हा भेद केवळ लिंगाने होतो. नाव, होडी स्त्रीलिंगी असल्यामुळे बोटही स्त्रीलिंगी झाली असावी, असे मला वाटते. समुद्रप्रवासात मळमळले की 'बोट लागली' म्हणतात, आपण एस.टी.त 'गाडी लागली' म्हणतो, तीच रचना.

लोकांनी दिलेले नाव किती टिकते, याचे एक दुःखद उदाहरण पाहा. स्कॉटलंडमधील ग्रेंजमाउथ येथे १८८५ मध्ये बांधलेल्या एका आगबोटीचे नाव आपल्या वैतरणा नदीवरून ठेवले होते. तिच्यावर विजेचे दिवे होते, म्हणून गुजराती प्रवासी तिला 'वीजळी' म्हणत. ८ नोव्हेंबर १८८८ रोजी कच्छमधील मांडवीहून मुंबईस निघालेली ही बोट काठेवाडच्या किनाऱ्याजवळ वादळात नाहीशी झाली. सातशेहून अधिक माणसे गेली; अवशेषही सापडले नाहीत. नोंदवहीतले 'वैतरणा' हे नाव मागे पडले. गुजराती लोकगीतांत आजही 'वीजळी'च बुडते.

स्वाध्याय : आपल्या परिसरातील वडीलधाऱ्यांकडून यंत्रांची, वाहनांची पाच लोकप्रचलित नावे मिळवा. प्रत्येक नाव वस्तूच्या कोणत्या दृश्य गुणावरून पडले, ते लिहा.