विषय सापडत नाही म्हणतेस?

अगं, गाईडनी ‘विषय घेऊन ये’ म्हटलं म्हणून एवढी हबकू नकोस. फक्त ‘पंढरीची वारी : एक अभ्यास’ असलं काही घेऊन जाऊ नकोस. ‘वारीतलं नेमकं काय?’ एवढंच ते विचारतील आणि तुझी बोलती बंद होईल.

माझं ऐक. जाडजूड ग्रंथांत लगेच बुडी मारू नकोस. आधी मराठी विश्वकोशातली पंढरपूरची नोंद वाच, घरबसल्या फुकट मिळते. मग 1884 चं सोलापूर जिल्ह्याचं गॅझेटियर काढ. त्यात आपल्या पंढरपुरावर बरंच लिहिलंय. वाचताना जिथे ‘असं का झालं?’ वाटेल, तिथे खूण कर. समजा, यात्रेतल्या पटकीपाशी अडखळलीस. झालं, धागा मिळाला.

आता शोधगंगा उघड. देशभरातले पीएच.डी.चे प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटनं तिथे ठेवलेत. नुसतं ‘पंढरपूर’ टाकून भागणार नाही, पंढरपुरी म्हशीच तुझ्या अंगावर येतील! ‘यात्रा’, ‘पटकी’, ‘सार्वजनिक आरोग्य’ असे शब्द जोडून बघ. मराठीत टाक, इंग्रजीत टाक. विठ्ठल, विठोबा अशी नावं आणि जुन्या ‘शोलापूर’सारखी स्पेलिंगंही बदलून बघ. प्रबंध सापडला की थेट शेवटचं प्रकरण उघड. पुढच्या संशोधनासाठी विषय तिथे पुष्कळदा लिहूनच ठेवलेले असतात, आणि ते कोणी वाचत नाही! मग संदर्भसूची बघ. तेच ते ग्रंथ सगळीकडे दिसले, तर कुठलं साधन कोणी हाताळलं नाही तेही कळतं.

शोधगंगेत नाही म्हणजे कामच झालं नाही, असं मात्र धरू नकोस. जुने कितीतरी प्रबंध तिथे चढलेलेच नाहीत. सध्या चालू असलेल्या कामांसाठी शोधगंगोत्री बघ. जुन्या मराठी पुस्तकांसाठी शं. ग. दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ आहे. कॉलेज ई-पुस्तकं नि नियतकालिकं देणाऱ्या एन-लिस्टचं सभासद असेल, तर ग्रंथपालांकडून लॉगिन माग. त्यांच्याशी ओळख वाढव गं, त्यांना आपण फक्त दंड भरायलाच भेटतो.

विषयाला काळ, जागा आणि प्रश्न अशी तिहेरी कुंपण घाल. विठ्ठल मंदिरातल्या प्रवेशासाठी साने गुरुजींनी केलेल्या 1947 च्या उपोषणावर पुष्कळ लिहिलं गेलंय. पण त्या महिन्यांत सोलापूर जिल्ह्यातल्या वृत्तपत्रांनी काय भूमिका घेतल्या, हा विषय हातात मावतो. प्रार्थना समाजाचा इथला बालकाश्रम 1875 पासूनचा. त्याची कागदपत्रं बघायला मिळतील का, हे विषय ठरवायच्या आधी विचारून ये. साधनं मिळणार नसतील, तर कितीही गोड विषय असो, सोडून दे.

आणि गाईडकडे एक नको, तीन विषय ने. एक ते उडवतील, दुसऱ्याची साधनं मिळणार नाहीत; तिसरा तरी उरेल.