पाचवे शील आणि हळदीची रात्र



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या लोकांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातील पाचवे शीलही तेच सांगते. असे असूनही दीक्षा घेतलेल्या काही घरी हळदीच्या रात्री मांडवामागे बाटल्या उघडतात. हे आपण सारे जाणतो. बोलत मात्र नाही. या न बोलण्याने काय होते, हा आजचा पाठ आहे.

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला मद्यपानाचे सहा दुष्परिणाम सांगितले आहेत: धनाची हानी, कलहाची वाढ, रोग, अपकीर्ती, निर्लज्जपणा आणि बुद्धीची दुर्बलता. या सहांत कुठल्या देवाचा कोप नाही. कारण आणि परिणाम, एवढेच आहे.

विज्ञानही हेच सांगते. दारू रक्तातून मेंदूत जाते व प्रथम सारासार विचार मंद करते. म्हणूनच पिणाऱ्याला 'मला काहीच चढली नाही' असे वाटते. मग तोल जातो, जीभ अडखळते, शेवटी शुद्ध हरपते. फार झाल्यास श्वासही मंदावतो. यकृताला एक पेग जिरवण्यास साधारण तासभर लागतो. लिंबू, ताक, कॉफी वा थंड पाण्याने ही गती वाढत नाही. दारूबरोबर झोपेच्या गोळ्या किंवा गर्द घेतल्यास दोन्हींचा भार श्वासावरच पडतो आणि माणूस झोपेतच दगावू शकतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीत हळदीच्या रात्री विशीतला एक मुलगा पिऊन पडला. घराने नुकतीच दीक्षा घेतलेली. 'विहारात तोंड कसे दाखवू?' म्हणून आईने दार लावून घेतले व मला बोलावले. "गुरुजी, आता काय करू?" मी वस्तीतला पदवीधर, माझ्या शब्दाला मान. "झोपू द्या, सकाळपर्यंत उतरेल," असे सांगून मी घरी आलो. मुलाला उताणे निजवले होते. पहाटे त्याची उलटी श्वासनलिकेत गेली. तो वाचला नाही.

पाचव्या शीलात मद्याला प्रमादाचे, म्हणजे बेसावधपणाचे स्थान म्हटले आहे. त्या रात्री मी थेंबही घेतला नव्हता. तरी प्रमाद माझ्याकडून घडला. म्हणून पुढील गोष्टी प्रत्येक घराने पाठ कराव्यात.

१. पिऊन पडलेल्यास एकटे सोडू नये व उताणे निजवू नये. कुशीवर वळवावे, वरचा गुडघा दुमडून पुढे टेकवावा, तोंड किंचित खालच्या बाजूस ठेवावे. घशात बोटे घालून उलटी काढू नये. शुद्ध नसताना पाणी वा ताक पाजू नये.

२. हाका मारून, चिमटा काढूनही जाग येत नसेल, श्वास अडखळत असेल, अंग गार वा ओठ निळे पडले असतील, तर ताबडतोब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. काय घेतले, किती घेतले, हे डॉक्टरांपासून लपवू नये.

३. विषारी दारूत मेथिल अल्कोहोल असते. ते चवीवरून ओळखता येत नाही. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे अशा दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. पोटदुखी, उलट्या, डोळ्यांपुढे धुके ही लक्षणे कित्येक तासांनी, दुसऱ्या दिवशीही दिसू लागतात. एकास त्रास होताच सोबत प्यालेल्या सर्वांना मोठ्या रुग्णालयात न्यावे.

४. वरातीहून परतताना, किंवा ३१ डिसेंबरच्या रात्री भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाकडे निघताना, गाडी न प्यालेल्याच्याच हाती द्यावी. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्य असताना वाहन चालवणे हा गुन्हा आहे.

५. मुलामुलींनी सोबत जावे व सोबतच परतावे. नजरेआड झालेला पेला, मग तो सरबताचा का असेना, पुन्हा तोंडाला लावू नये.

कोणी म्हणेल, हे शिकवणे म्हणजे पिण्यास मुभा देणे नव्हे काय? नव्हे. दारू वर्ज्यच आहे. लग्नाची बोलणी होतानाच 'आमच्या मांडवात दारू चालणार नाही' असे कर्त्या माणसाने दोन्हीकडच्यांना बजावून सांगावे. पण एखाद्याने पाचवे शील मोडले, म्हणून लाजेपायी त्याला मरू देऊन आपण पहिले शील का मोडावे? जीव वाचला तर त्याला समजावता येईल, पुन्हा शील देता येईल. मेलेल्याला कोणते शील देणार?

येत्या रविवारी वंदनेनंतर घरातील सर्वांनी एकमेकांना कुशीवर वळवण्याचा सराव करावा. लहान मुलांनाही १०८ हा क्रमांक पाठ करवून घ्यावा. आणि आपल्या मुलास एवढे जरूर सांगावे: "चूक झाली तरी लपू नकोस, घरी फोन कर. आम्ही आधी तुला न्यायला येऊ. बोलायचे ते सकाळी बोलू."

जयभीम!