चार दिवस समुद्रावर : तयारीमागचे विज्ञान

अमेरिकेच्या नैर्ऋत्य टोकाला, मेक्सिकोच्या सीमेलगत, सॅन डिएगो नावाचे बंदर आहे. येथून हौशी मासेमारांना घेऊन मोठ्या बोटी खोल समुद्रात जातात. जागेचे भाडे भरून अनोळखी माणसे एकत्र निघतात. काही सफरी दीड दिवसाच्या असतात, तर काही दोन आठवड्यांहूनही लांबतात. बोट मेक्सिकोच्या हद्दीत जाणार असेल, तर पारपत्रही जवळ ठेवावे लागते. एकदा किनारा सुटला की दुकान नाही आणि दवाखानाही नाही. म्हणून सारी तयारी धक्क्यावरच करावी लागते. या तयारीमागे कोणते विज्ञान आहे, ते पाहू.

बोट का लागते?

आपल्या अंतःकर्णात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके हलले की त्यांतील द्रव हलतो आणि मेंदूला हालचालीची वर्दी मिळते. बोटीच्या खोलीत बसलेल्या माणसाचे डोळे मात्र ‘भिंत स्थिर आहे’ असे सांगतात. या दोन परस्परविरोधी संदेशांमुळे मळमळ सुरू होते. म्हणून अशा वेळी उघड्यावर येऊन क्षितिजाकडे पाहावे. बोटीचा मध्यभाग सर्वांत कमी हलतो, तेथे बसावे. सी-सॉच्या मधोमध बसल्यावर काय अनुभव येतो ते आठवा! डॉक्टरांनी दिलेली गोळी निघण्यापूर्वीच घेतात. कारण उलट्या सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही.

जिवंत आमिष

ट्यूना पकडण्यासाठी जिवंत सार्डिन मासे आमिष म्हणून वापरतात. हे मासे आपल्या तारलीच्या कुळातले होत. ते टाकीत दाटीने ठेवले, तर पाण्यातील प्राणवायू लवकर संपतो. शिवाय पाणी जितके उबदार, तितका त्यात कमी प्राणवायू विरघळतो. म्हणून पंपाने टाकीत सतत ताजे समुद्राचे पाणी खेळवावे लागते. पंप बंद पडला, तर सफरच संपली म्हणायची.

बर्फाचा हिशेब

ट्यूना म्हणजे आपल्याकडचा कुपा किंवा गेदर. इतर बहुतेक माशांचे शरीर पाण्याइतकेच थंड असते, पण ट्यूनाचे स्नायू सभोवतालच्या पाण्यापेक्षा उबदार असतात. गळाशी झुंजताना ते आणखी तापतात. मासा मेल्यावर तसाच पडू दिला, तर जिवाणू त्याच्या मांसातील हिस्टिडिनचे हिस्टामिन बनवतात. असा मासा खाल्ल्यास चेहरा लाल होतो, डोके दुखते आणि अंगावर पुरळ उठतो. विशेष म्हणजे, शिजवल्याने हिस्टामिन नष्ट होत नाही. आपला बांगडाही याच कुळातला आहे, म्हणून हा धोका त्यालाही लागू पडतो. उपाय एकच : मासा पकडताच त्याचे रक्त काढून तो थंड करणे.

यासाठी बर्फ किती लागेल? २० किलोचा मासा २५ अंश सेल्सियसवरून ० अंशावर आणायचा आहे असे धरू. माशाची विशिष्ट उष्णता सुमारे ०.८ असते.

काढावयाची उष्णता = २० × ०.८ × २५ = ४०० किलोकॅलरी.

१ किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता शोषतो. म्हणून ४०० ÷ ८० = ५ किलो बर्फ लागेल. प्रत्यक्षात याहून बराच अधिक लागतो, कारण पेटीच्या भिंतींतून रात्रंदिवस उष्णता आत येत राहते.

बर्फाच्या मोठ्या लाद्या माशाला मोजक्याच जागी टेकतात. बर्फाचा चुरा आणि समुद्राचे पाणी यांचे मिश्रण मात्र माशाला सर्व बाजूंनी वेढते, त्यामुळे तो लवकर गार होतो. मोठ्या बोटींवर थंड केलेल्या समुद्राच्या पाण्याच्या टाक्याच असतात.

कोकणातील ट्रॉलरही डिझेल आणि पिण्याच्या पाण्याबरोबर बर्फ भरूनच बंदर सोडतात. किती दिवस बाहेर राहायचे हे ठरवताना तांडेलाला बर्फाचाही विचार करावा लागतो. बर्फ संपल्यावर मिळालेली मासळी बाजारापर्यंत चांगली राहत नाही आणि खलाशांची मेहनत वाया जाते.

करून पाहा

१. सारख्या दोन बाटल्यांत सारखेच कोमट पाणी भरा. एक बाटली बर्फाच्या खड्यांत आणि दुसरी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. दर पाच मिनिटांनी दोन्हींतील तापमान मोजून आलेख काढा.

२. ३० अंशांवरील ६० किलो मासळी ० अंशावर आणण्यास कमीत कमी किती बर्फ लागेल? (उत्तर : १८ किलो)