अर्धशिशी : लक्षणांची ओळख आणि घ्यावयाची काळजी

नीरा डाव्या कालव्यामुळे बारामती व इंदापूर तालुक्यांतील मोठे क्षेत्र ओलिताखाली आले. सुपे-मोरगाव भागातील अनेक गावे मात्र अद्याप पावसाच्या भरवशावर आहेत. बागायत असो वा जिरायत, अर्धशिशी हा विकार दोन्हीकडे परिचयाचा आहे. भर उन्हात खुरपणी करणारी स्त्री, गळीत हंगामात रात्रपाळी करणारा कारखान्यातील कामगार, वर्गात बसलेला विद्यार्थी, कोणालाही तो गाठू शकतो. वेदना इतरांना दिसत नाही. त्यामुळे रुग्णाची संभावना कधी कामचुकार म्हणून होते, तर कधी दृष्ट काढून समाधान मानले जाते.

विकाराचे स्वरूप

सुश्रुतसंहितेत सांगितलेल्या अकरा शिरोरोगांत 'अर्धावभेदक' या नावाने अशाच डोकेदुखीचा उल्लेख आहे. आधुनिक वैद्यक तिला मायग्रेन म्हणते. हा मेंदू व मज्जातंतूंचा विकार असून त्याची प्रवृत्ती बहुधा आनुवंशिक असते. जगात शंभर कोटींहून अधिक लोकांना तो आहे. कर्नाटकात बंगळूर व परिसरातील शहरी आणि ग्रामीण भागांत झालेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दर चार प्रौढांपैकी सुमारे एकास वर्षभरात हा त्रास झाल्याचे आढळले. स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा बरेच अधिक असते.

लक्षणे

डोक्याच्या बहुधा एका बाजूस ठणका लागतो, हालचालीने तो वाढतो. मळमळ वा उलटी होते. उजेड, आवाज व उग्र वास सहन होत नाहीत. उपचार न केल्यास हा त्रास ४ ते ७२ तास टिकतो. काहींना दुखणे सुरू होण्यापूर्वी ५ ते ६० मिनिटे डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा दिसतात किंवा हाताला मुंग्या येतात. लहान मुलांत दोन्ही बाजूंना दुखणे व पोटदुखी आढळते. शिक्षकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

निमित्त कोणते?

उपाशी राहणे, जागरण, कडक ऊन, कमी पाणी पिणे, मानसिक ताण आणि मासिक पाळी ही नेहमीची निमित्ते होत. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत निरंकार राहणाऱ्यांना त्या दिवशी हमखास त्रास होत असेल, तर उपवासात पाणी व फराळ वेळेवर घेणे हिताचे. प्रत्येकाचे निमित्त वेगळे असते. म्हणून दुखण्याची तारीख, वेळ, आहार, झोप, पाळी व घेतलेली गोळी यांची नोंद साध्या वहीत ठेवावी. दोन-तीन महिन्यांची अशी वही डॉक्टरांना निदानासाठी फार उपयोगी पडते.

गोळ्यांचा अतिरेक

डॉक्टरांनी सुचविलेली वेदनाशामक गोळी दुखणे सुरू होताच घेतल्यास गुण येतो. परंतु साध्या गोळ्या महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, अथवा मिश्र गोळ्या १० किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून अधिक काळ चालू राहिले, तर त्या गोळ्याच रोजच्या डोकेदुखीचे कारण बनतात. दुकानातून परस्पर गोळी आणणाऱ्यांच्या हे लक्षातही येत नाही. त्रास वारंवार होत असल्यास तो टाळणारी रोज घ्यावयाची औषधे उपलब्ध आहेत. ज्या स्त्रियांना दुखण्यापूर्वी नागमोडी रेषा दिसतात, त्यांनी संततिनियमनाची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना तसे अवश्य सांगावे. माला-एनसारख्या इस्ट्रोजेनयुक्त गोळीने त्यांना पक्षाघाताचा धोका वाढतो. त्याऐवजी अन्य साधने मिळू शकतात.

विलंब घातक केव्हा?

क्षणार्धात उद्भवलेली असह्य डोकेदुखी, ताप व मान ताठरणे, हातपाय लुळे पडणे, वाचा अडखळणे, शुद्ध हरपणे, डोक्याला मार लागल्यानंतरचे दुखणे, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास किंवा गरोदरपणातील तीव्र डोकेदुखी ही अर्धशिशी समजून घरी थांबू नये. रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. बारामती येथे २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे.

गावाची जबाबदारी

हा विकार मुळासकट जातोच असे नाही. तो आटोक्यात मात्र ठेवता येतो. त्यासाठी रुग्णाच्या बोलण्यावर विश्वास ठेवणे ही पहिली पायरी होय. शाळेत अशा मुलाला पाणी द्यावे, शांत व अंधाऱ्या खोलीत पडू द्यावे आणि पालकांना कळवावे. कार्यालयप्रमुखांनी व मुकादमांनी त्रासाच्या वेळी सावलीत विश्रांती मिळेल असे पाहावे. पंचायत सदस्यांनी आशा सेविकांच्या साहाय्याने ग्रामसभेत वरील धोक्याची लक्षणे समजावून सांगावीत. महिनोन्महिने केवळ गोळ्यांवर दिवस काढणारी एखादी गृहिणी त्यामुळे वेळीच प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचली, तरी या प्रयत्नाचे चीज होईल.