भाकरीचे सोबती
(अमेरिकेच्या दक्षिणी राज्यांतील हिवाळी ताटाचा अभ्यास)

आपल्या संस्थेच्या सभासदांपैकी पुष्कळांची मुले-नातवंडे आज अमेरिकेत आहेत, आणि त्यांतही अटलांटा, ह्यूस्टन, शार्लट अशा दक्षिणेकडील शहरांत राहणारी थोडीथोडकी नाहीत. त्यांच्याकडे चार महिने राहून आलेल्या भगिनी तेथील रस्त्यांचे व दुकानांचे वर्णन हौसेने करतात. परंतु तेथील जुने रहिवासी आपल्या घरी काय रांधतात, हे फारच थोड्या जणींनी पाहिलेले असते. पाव आणि डब्यातील पदार्थ एवढ्यावरच ते लोक जगतात, असा एक समज आपल्याकडे आहे. माझाही तसाच होता.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीची पहिली तारीख मला अटलांटा येथे मुलीच्या घरी आली. शेजारी एक वृद्ध बाई राहतात. त्या आफ्रिकी वंशाच्या असून शाळेत शिक्षिका होत्या. त्यांनी आम्हांस दुपारी जेवावयास बोलावले. ताटात काय वाढून येते या धास्तीनेच मी गेले, आणि पाहते तो चवळीचा भात, पालेभाजी, मक्याची भाकर आणि गोड रताळी! मी शाकाहारी म्हणून माझ्यापुरते त्यांनी मांसावाचून वेगळे शिजविले होते. न राहवून मी विचारले, "वर्षाच्या पहिल्या दिवशी इतके साधे जेवण?" त्या हसून म्हणाल्या, "साधे दिसते खरे. पण एवढे सगळे एका ताटात यावे म्हणून आमच्या आजीच्या पिढीने फार सोसले आहे."

त्या बोलण्याचा अर्थ मला त्या दिवशी नीट उमगला नाही. घरी परतल्यावर थोडे वाचन केले, तेव्हा उमगला. तो आपल्या हैदराबादच्या भगिनींनाही जवळचा वाटेल, म्हणून हा अभ्यास येथे मांडीत आहे.

१. ताटाची ओळख

तेथे नववर्षाच्या दिवशी चवळी, हिरवी पाने आणि मक्याची भाकर खाण्याची चाल आहे. चवळी म्हणजे नाणी, पाने म्हणजे नोटा आणि मक्याची भाकर म्हणजे सोने, असा शकुन मानतात. चवळी व तांदूळ एकत्र शिजवून केलेल्या भातास 'हॉपिन जॉन' असे गमतीदार नाव आहे. सारा रटलेज यांच्या १८४७ साली निघालेल्या कॅरोलिनातील पाकपुस्तकात त्याची कृती दिलेली आहे.

यांपैकी कोणती वस्तू कोठून आली हे पाहू लागलो म्हणजे मोठे नवल वाटते. चवळी मूळची आफ्रिकेतली. भेंडीही तिकडचीच, भेंडी घालून करतात त्या 'गंबो' नावाच्या दाट कालवणाचे नाव आफ्रिकी भाषेतील भेंडीच्या नावावरूनच पडले आहे. तिळास चार्ल्स्टन गावी अजूनही 'बेने' हा पश्चिम आफ्रिकेतील शब्द वापरतात व हिवाळ्यात त्याच्या पातळ गोड चकत्या करतात. आपला जोंधळाही आफ्रिकेतून तिकडे पोचला, आणि त्याच्या गोड जातीच्या ताटांचा रस आटवून केलेली काकवी तेथील डोंगराळ भागात भाकरीशी खातात. मका व रताळे मात्र अमेरिका खंडातले. मका पिकविण्याची आणि रांधण्याची विद्या तेथील आदिवासींची.

ही धान्ये तेथे ज्यांच्याबरोबर गेली, ते लोक आपण होऊन गेले नव्हते. आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसे १६१९ साली व्हर्जिनियात उतरविली गेली, आणि पुढे सुमारे अडीचशे वर्षे तो व्यवहार व ती गुलामगिरी चालली. कॅरोलिनातील भातशेती ज्यांच्या हातांनी आणि ज्यांच्या माहितीने उभी राहिली ते भाताच्या मुलखातले आफ्रिकी लोकच होत. मालकाच्या घरचा स्वयंपाक त्यांच्या स्त्रियाच करीत. स्वतःच्या पोराबाळांसाठी मात्र मापाने मिळालेले मक्याचे पीठ, थोडे खारवलेले मांस, आणि जेथे परवानगी असे तेथे झोपडीमागील परसात लावलेली भाजी व चवळी, एवढ्यावर भागवीत.

नववर्षाच्या तारखेलाही असाच इतिहास आहे. पूर्वी १ जानेवारीस गुलामांना वर्षभराच्या भाड्याने दुसऱ्याकडे देण्याचे करार होत, आणि आईबापांची मुलांशी ताटातूट होई. ३१ डिसेंबर १८६२ च्या रात्री मात्र लोक प्रार्थनामंदिरांत जागत बसले होते, कारण १ जानेवारी १८६३ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा अमलात यावयाचा होता. ज्या तारखेची धास्ती घ्यावयाची, त्याच तारखेला पुढे घरोघर एकत्र बसून जेवण होऊ लागले. व्हर्जिनियातील फ्रीटाउन ही वस्ती मुक्त झालेल्या लोकांनीच वसविली. तेथे जन्मलेल्या एड्ना लुईस यांनी १९७६ साली लिहिलेल्या पाकपुस्तकात तेथील ऋतूऋतूंचा स्वयंपाक दिला आहे. जिज्ञासूंनी तो अवश्य वाचावा.

२. सोबती गेले तेव्हा

आता या पाठाचा मुख्य भाग. १८६५ साली गुलामगिरी संपली, पण जमीन मिळाली नाही. गरीब कुटुंबे, काळी तशीच गोरीही, दुसऱ्याचे शेत वाट्याने करू लागली. मालकास व सावकारास कापूस हवा. म्हणून कापूस झोपडीच्या दारापर्यंत पेरला जाई. परसातील चवळी गेली, भाजी गेली, गाय बांधावयास जागा उरली नाही. पीक हाती येईपर्यंत दुकानातून उधार आणावयाचे ते मक्याचे पीठ, चरबीचे खारे मांस आणि काकवी, एवढेच. पोट भरे, परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी या मुलखात पेलाग्रा नावाचा रोग जोरात पसरला. ऊन लागेल तेथील कातडी काळवंडून सोलते, जुलाब लागतात, बुद्धीला भ्रम होतो आणि उपचार न झाल्यास रोगी दगावतो. चार दशकांत सुमारे १ लाख माणसे या रोगाने दगावली असे सांगतात.

हा रोग संसर्गाचा आहे असे पुष्कळ वैद्यांचे मत होते. सरकारने १९१४ साली डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांना तपासासाठी पाठविले. अनाथालयांत व वेड्यांच्या रुग्णालयांत राहणाऱ्यांना रोग होतो, पण त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना होत नाही, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. मिसिसिपीतील अनाथालयांत त्यांनी मुलांच्या जेवणात दूध, अंडी, मांस आणि कडधान्ये वाढविली, रोग हटला. १९१५ साली तुरुंगातील ११ कैद्यांना, शिक्षा माफ करण्याच्या बोलीवर, मुख्यतः मक्याच्याच अन्नावर ठेवले, तेव्हा त्यांपैकी ६ जणांना तो रोग झाला. गोल्डबर्गर १९२९ साली वारले. उणीव कोणत्या द्रव्याची, याचा उलगडा पुढे १९३७ साली झाला. ते निआसिन नावाचे जीवनसत्त्व होय.

मक्यात निआसिन असते, पण बांधलेल्या स्थितीत. ते अंगी लागत नाही. शरीर ते प्रथिनांतील ट्रिप्टोफॅन या घटकापासून तयार करू शकते, पण मक्यात तोही कमी. आदिवासी लोक मका चुन्याच्या किंवा राखेच्या पाण्यात शिजवीत. त्यायोगे निआसिन मोकळे होई. मका जगभर गेला, पण ही रीत त्याच्याबरोबर गेली नाही. राहता राहिले सोबती. चवळी, दूध, ताक, अंडे यांपैकी काही रोज ताटात असले की उणीव भरून निघते, आणि हिरव्या पानांतून लोह, चुना व इतर जीवनसत्त्वे मिळतात. शेजारच्या बाईंच्या बोलण्याचा अर्थ हा असा होता.

३. आपला जोंधळा

हे सारे परमुलखातले आहे असे कोणी समजू नये. दख्खनच्या पठारावर जोंधळ्याच्या भाकरीवरच दिवस काढणाऱ्या गरीब मजुरांतही पेलाग्रा आढळत असे. हैदराबादेतील पोषण संशोधन संस्थेत, म्हणजे आजच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत, त्यावर पुष्कळ काम झाले. जोंधळ्यातील ल्यूसिन या घटकाच्या आधिक्याचा या रोगाशी संबंध असावा, असा विचार डॉ. सी. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० साली मांडला. त्या कारणमीमांसेवर पुढे मतभेद झाले. परंतु एकाच धान्यावर पूर्ण भिस्त ठेवू नये, याविषयी मतभेद नाही.

म्हणूनच आपली भोगी मला आता निराळी दिसते. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोणी, पावटा-हरभरा-गाजर-वांगे घातलेली लेकुरवाळी भाजी, आणि मुगाची खिचडी. या ताटात भाकरी एकटी नाही. अटलांटाचे १ जानेवारीचे ताट आणि आपले १३ जानेवारीचे ताट यांत बारा दिवसांचे अंतर आहे, पण धडा एकच आहे.

४. करून पाहावयाच्या कृती

मुळात या पदार्थांत डुकराचे खारे किंवा धुरी दिलेले मांस घालतात. खालील कृती शाकाहारी घरांसाठी बदलून दिल्या आहेत व मी त्या घरी करून पाहिल्या आहेत.

चवळीचा भात: १ वाटी चवळी रात्रभर भिजवावी. सकाळी ४ वाट्या पाण्यात मऊ, पण अख्खी राहील अशी शिजवावी. पाणी गाळून ठेवावे, फेकू नये. २ मोठे चमचे तुपात १ मोठा कांदा तांबूस परतावा. ३-४ लसूणपाकळ्या, १ तमालपत्र, १ सुकी मिरची व मिरपूड घालावी. धुतलेला १ वाटी तांदूळ परतून त्यात चवळी, मीठ व चवळीचे २ वाट्या गरम पाणी घालावे (कमी पडल्यास साधे पाणी). झाकण ठेवून मंद आचेवर २० मिनिटे शिजवावे व मध्ये ढवळू नये. उतरवून १० मिनिटांनी वाढावे.

रसदार पाने: तेथे 'कोलार्ड' नावाची पाने वापरतात. ती कोबीच्याच जातीची. काश्मिरातील हाकही तीच. आपण नवलकोलाची कोवळी पाने घ्यावीत. २ जुड्यांच्या जाड शिरा काढून पट्ट्या चिराव्यात. तेलात कांदा, लसूण व सुकी मिरची परतून पाने, मीठ व ३ वाट्या पाणी घालावे आणि मंद आचेवर पाऊण तास शिजवावे. उतरविताना थोडा शिरका किंवा लिंबू पिळावे. पानांचा रस टाकून देऊ नये. तेथे तो मोठ्या आवडीने भाकरीशी खातात. १९३१ साली लुइझियानाचे गव्हर्नर ह्यूई लाँग आणि अटलांटाच्या एका वर्तमानपत्राचे संपादक यांच्यात, भाकर या रसात बुडवून खावी की कुस्करून खावी, यावर जाहीर वाद रंगला होता! आमटीत भाकरी कुस्करणाऱ्या आपल्या मंडळींचा पक्ष कोणता, हे सांगावयास नको.

मक्याची तव्यावरची भाकर: २ वाट्या मक्याचे पीठ व पाऊण चहाचा चमचा मीठ यांवर सव्वा ते दीड वाटी उकळते पाणी लागेल तसे ओतून, १ मोठा चमचा तूप घालून ढवळावे व १० मिनिटे झाकून ठेवावे. थालीपिठाएवढे घट्ट झाले पाहिजे. बिडाच्या तव्यावर तूप सोडून लहान जाडसर भाकऱ्या थापाव्यात आणि मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी प्रत्येकी ४-५ मिनिटे तांबूस भाजाव्यात. बरोबर वाटीभर ताक घ्यावे.

गोड रताळी: अर्धा किलो रताळी उकडून सोलून जाड चकत्या कराव्यात. पसरट भांड्यात अर्धी वाटी काकवी किंवा चिरलेला गूळ, २ मोठे चमचे तूप, ३ चमचे पाणी, चिमूटभर दालचिनी व जायफळ घालून उकळी आणावी. चकत्या त्यात घालून पाक त्यांना लपेटेपर्यंत मंद आचेवर ठेवाव्यात.

५. ध्यानात ठेवावयाचे

पहिले, भाकरी मक्याची असो, जोंधळ्याची असो की बाजरीची, तिच्याबरोबर कडधान्य, पालेभाजी आणि दूध किंवा ताक रोज असावे, सणापुरते नव्हे. दुसरे, चवळीचे आणि पालेभाजीचे पाणी फेकू नये. तिसरे, आपल्या घरी धुणेभांडी व स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या डब्यात भाकरीबरोबर काय आहे, हे एकदा विचारावे. पुष्कळदा मिरचीचा ठेचा आणि मीठ एवढेच असते. वाटीभर उसळ तिच्यासाठी काढून ठेवणे कोणाही गृहिणीस जड नाही.

येत्या भोगीला आपल्या ताटाशेजारी वरीलपैकी एक पदार्थ अवश्य करून पाहावा, आणि परदेशी असलेल्या लेकीसुनांना कळवावे की शेजाऱ्यांच्या घरी चवळी शिजत असेल तर संकोच न धरता जेवावयास जावे, आणि परत येताना आपल्या तीळगुळाचे आमंत्रण देऊन यावे.